अडलेल्या माउसची कैफियत

पुण्यात अप्पा बळवंत चौकामागच्या एका बोळात आमच्या एका स्नेह्यांचा लहानसा छापखाना आहे, आणि त्या छापखान्याच्या एका कोपऱ्यात विंडोज ९८ वर चालणारा एक जुना संगणक, त्याच्या बरोबरीची यंत्रे केव्हाच भंगारात गेलेली असतानाही, अद्याप आपली चाकरी इमानाने बजावीत आहे. त्याला निवृत्त न करण्याचे कारण भावनेचे नसून निव्वळ व्यवहाराचे आहे : ज्या मराठी टाइपांत छापखान्याची अनेक वर्षांची पुस्तके जुळविलेली आहेत, त्यांचे सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टाला खोचलेल्या एका लहानशा ठोकळ्यावाचून, ज्याला त्या धंद्यातले लोक नुसते ‘लॉक’ म्हणतात, उघडतच नाही, आणि नव्या संगणकांना ते लॉक खोचण्याची जागाच उरलेली नाही. गेल्या वर्षी गणपती उठल्यावर, दिवाळी अंकाच्या पहिल्या फर्म्याचे काम ऐन घाईत आलेले असताना, या संगणकाचा माउस एके सकाळी निश्चेष्ट झाला. कर्सर पानाच्या मध्यभागी जो थिजला, तो काही केल्या हलेना.

मी तेथे पोहोचलो तेव्हा तीन उपाय सुचवून झालेले होते. मालकांचे चिरंजीव म्हणत होते, “बाबा, सगळे पुसून विंडोज पुन्हा टाकू या.” दुरुस्तीच्या दुकानातल्या गृहस्थांनी दूरध्वनीवरूनच “काका, बोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या,” असा निवाडा दिलेला होता, आणि अक्षरजुळणी करणारे ऑपरेटर माउस टेबलावर आपटून त्याला शुद्धीवर आणण्याच्या प्रयत्नात होते. या तिन्ही उपायांत एक दोष समान होता, तो हा की, चौकशी होण्यापूर्वीच शिक्षा फर्मावली जात होती. माउस चालत नाही ही केवळ फिर्याद आहे. तीवरून गुन्हेगार कोण हे ठरत नाही. हाताची हालचाल पडद्यापर्यंत पोहोचविण्याच्या कामी माउसचे यंत्र, त्याची वायर, तिच्या टोकाचा प्लग, संगणकाचे पोर्ट, त्या पोर्टाचा कारभार पाहणारी चिप आणि ड्रायव्हर नावाचा दुभाषा अशी अनेक मंडळी हातोहात निरोप देत असतात, आणि यांपैकी कोणीही एकाने हयगय केली तरी पडद्यावर दिसणारा परिणाम एकच असतो.

अशा प्रसंगी उपयोगी पडणारे शस्त्र आपल्या तर्कशास्त्रात फार पूर्वीपासून आहे. जेथे कारण असते तेथे कार्य असते, हा अन्वय. जेथे कारण नसते तेथे कार्यही नसते, हा व्यतिरेक. संशयित माउस दुसऱ्या, चालत्या संगणकाला लावून पाहणे आणि खात्रीचा, चालता माउस या बिघडलेल्या संगणकाला लावून पाहणे, या दोन साध्या प्रयोगांत हे दोन्ही अवयव येऊन जातात. माउस तिकडेही मेलेलाच राहिला आणि इकडे दुसरा माउस चालला, तर दोष माउसमध्ये. तो तिकडे धावू लागला आणि इकडे दुसराही हलेना, तर दोष संगणकात. मात्र या प्रयोगांची एक अट अशी की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. माउस, पोर्ट आणि ड्रायव्हर ही तिन्ही एकदम बदलून यंत्र सुरू झाले, तर काम भागते, पण ज्ञान होत नाही, आणि तोच बिघाड पुन्हा उद्भवला म्हणजे आपण होतो तेथेच असतो.

या यंत्राचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे अप्रस्तुत होणार नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांनी याची कल्पना काढली आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला नमुना घडविला. तो नमुना म्हणजे लाकडाचा एक ठोकळा होता. त्याच्या पोटाशी परस्परांशी काटकोन करणारी दोन चाके होती आणि वर एकच बटण होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक करून दाखविले, आणि १७ नोव्हेंबर १९७० रोजी त्याचे पेटंट मंजूर झाले. त्या दस्तऐवजात यंत्राचे नाव मात्र ‘दृश्यपटासाठी क्ष-य स्थानदर्शक’ अशा अर्थाचे, रूक्ष आणि काटेकोर, असे नोंदलेले आहे. हे नाव रूक्ष असले तरी यंत्राचे सारे मर्म त्यात आलेले आहे : माउसला चित्र कळत नाही, अक्षर कळत नाही; आडवे किती सरकलो आणि उभे किती सरकलो, एवढेच तो जाणतो, आणि बटण दाबले की नाही, याची त्यात भर घालून तेवढीच वर्दी संगणकाला देतो. या आडव्या आणि उभ्या अशा दोन हिशेबांची फारकत ध्यानात ठेवली, तर पुढच्या तपासातला निम्मा भाग आपोआप सुलभ होतो.

तपासातला पहिला प्रश्न असा असावा की, मेला आहे तो माउस की संगणकच? कीबोर्डवरील नम लॉकची कळ दाबावी आणि तिचा लहानसा दिवा विझतो-पेटतो की नाही ते पाहावे. दिवा जागचा हलला नाही, पडद्यावरचे घड्याळही थांबलेले आढळले, तर समजावे की संगणकच मूर्च्छित झालेला असून माउस बिचारा निरपराध आहे. दिवा हुकूम ऐकत असेल, तर मात्र सर्वप्रथम हातातले काम जतन करून घ्यावे. माउसवाचून संगणक पांगळा होतो ही समजूत चुकीची आहे. कंट्रोल आणि एस या कळांनी काम जतन होते, कंट्रोल आणि एस्केप यांनी स्टार्टची यादी उघडते, बाणांच्या कळांनी तीत फिरता येते, टॅबने एका चौकटीतून दुसरीकडे जाता येते, आणि ऑल्ट व एफ-४ यांनी उघडलेले दालन बंद करता येते. इतकेच नव्हे, तर माउस-कीज नावाची सोय विंडोजमध्ये चालू केलेली असल्यास, उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी प्रत्यक्ष कर्सरही हलविता येतो. माउस बंद पडला म्हणून थेट विजेचे बटण दाबून चालू काम बुडविणारा मनुष्य, दाराची कडी अडकली म्हणून भिंत फोडणाऱ्याच्या पंक्तीत बसतो.

दुसरा मुक्काम प्लग आणि पोर्ट यांचा. जुन्या संगणकांवर माउससाठी तीन प्रकारची दारे आढळतात. सर्वांत जुने ते नऊ पिनांचे सीरियल पोर्ट, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे. त्यानंतरचे, १९८७ साली आयबीएमने आपल्या पीएस-टू या संगणकांबरोबर आणलेले आणि त्याच नावाने ओळखले जाणारे, सहा पिनांचे गोल पोर्ट. आणि १९९६ नंतरचे, आज सर्वपरिचित झालेले, चपटे यूएसबी. पीएस-टूची दोन पोर्टे बहुधा शेजारी-शेजारी असतात, एक कीबोर्डचे आणि दुसरे माउसचे. ती दिसायला अगदी जुळ्या भावंडांसारखी असल्याने, शतक संपता संपता कीबोर्डला जांभळा आणि माउसला हिरवा असे रंग ठरविण्यात आले. त्यापूर्वीच्या संगणकांवर दोन्ही पोर्टे काळी असत, आणि साफसफाईनंतर प्लगांची अदलाबदल होऊन दोन्ही यंत्रे एकदम बंद पडल्याची हकिकत अनेक कचेऱ्यांत घडलेली आहे. प्लग काढून उजेडात धरला असता सहापैकी एखादी पिन वाकलेली आढळते. ती बारीक चिमट्याने हलकेच सरळ करता येते, पण दुसऱ्यांदा वाकली तर बहुधा मोडते.

पीएस-टू पोर्टासंबंधी एक नियम मात्र प्रत्येकाने कटाक्षाने पाळावयास हवा : संगणक चालू असताना त्याचा प्लग काढू नये वा घालू नये. यूएसबीची रचनाच मुळी चालू यंत्रात खोचण्या-काढण्यासाठी केलेली आहे. पीएस-टूची तशी नाही. चालू स्थितीत प्लग तिरका जाऊन पिना परस्परांना भिडल्या, तर बोर्डावरचा लहानसा फ्यूज उडू शकतो, किंवा पोर्टाचा कारभार पाहणारी चिपच दुखावते. हा अनर्थ टळला तरीही दुसरी अडचण राहतेच. संगणक सुरू होताना माउसची हजेरी एकदा घेतो, आणि जो त्या वेळी गैरहजर असेल, त्याला नंतर आलेला म्हणून ओळखीलच असे नाही. म्हणून प्लग सैल झाला असा संशय आल्यास आधी संगणक रीतसर बंद करावा, प्लग नीट बसवावा आणि मग पुन्हा सुरू करावा. पुष्कळ माउस एवढ्यानेच चालू लागतात.

सीरियल माउसची गोष्ट निराळी आणि काहीशी करुण आहे. त्याला विजेचा स्वतंत्र पुरवठा नाही. संगणक ज्या तारांवरून संकेत पाठवितो, त्यांतूनच मिळेल तेवढी वीज घेऊन तो गुजराण करतो. सेकंदाला १२०० बिट एवढ्या मंद गतीने, प्रत्येकी तीन बाइटांच्या पुडक्यांत, तो आपले अहवाल धाडतो, म्हणजे सेकंदाला सुमारे चाळीस अहवाल होतात. अशा काही माउसांच्या पोटाशी एक बारीक सरकबटण असते, आणि ते दोन बटणांची एक व तीन बटणांची दुसरी अशा दोन परिभाषांपैकी कोणत्या परिभाषेत बोलावयाचे ते ठरविते. टेबल पुसताना ते चुकून सरकले, तर धडधाकट माउस संगणकाला कळेनासा होतो, आणि ड्रायव्हरवर, केबलवर, किंबहुना दैवावरही विनाकारण ठपका येतो.

वायरीचा दोष ओळखणे त्या मानाने सोपे. माउसच्या देहातून वायर जेथे बाहेर पडते, तेथे ती दिवसातून शेकडो वेळा वाकते, आणि आतल्या केसासारख्या तारा बहुधा तेथेच तुटतात. ती जागा दोन बोटांत धरून सावकाश इकडेतिकडे वाकवीत माउस हलवावा. कर्सर मध्येच जिवंत होतो आणि मध्येच मरतो असे दिसले, तर निदान झाले. अर्धवट तुटलेल्या वायरीचे आणखी एक लक्षण फार चमत्कारिक आहे. पीएस-टू माउसचा अहवालही तीन बाइटांचाच असतो : पहिल्यात बटणांची स्थिती आणि दिशा, दुसऱ्यात आडवे अंतर, तिसऱ्यात उभे. यांतला एखादा बाइट वाटेत गळाला, तर पुढचा सारा हिशेब एक घर सरकतो, अंतराचा आकडा बटणाच्या जागी वाचला जातो, आणि कर्सर एखाद्या कोपऱ्याकडे झेप घेऊन आपोआप भलत्याच याद्या उघडू लागतो. हे पाहून ‘व्हायरस शिरला’ अशी आवई उठविणारे पुष्कळ भेटतात.

आता खुद्द माउसच्या पोटात डोकावू. जुन्या माउसमध्ये रबराचे आवरण चढविलेली एक जड गोळी असते. तळाची चकती बाणाने दाखविलेल्या दिशेने फिरविली की ती हातात येते. तिच्या जागेच्या कडेला दोन बारीक रूळ परस्परांशी काटकोनात बसविलेले दिसतात, आणि स्प्रिंगवर टेकलेले तिसरे चाक गोळीला त्या दोहोंवर दाबून धरते. गोळी फिरली की रूळ फिरतात. प्रत्येक रुळाच्या टोकाला बारीक फटी पाडलेली एक चकती असते, आणि तिच्या एका बाजूस डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देणारा दिवा व दुसऱ्या बाजूस तो प्रकाश टिपणारे दोन संवेदक असतात. फटीतून प्रकाश किती वेळा लुकलुकला, यावरून अंतर कळते. आणि दोन संवेदक किंचित मागेपुढे बसविलेले असल्यामुळे, त्यांपैकी कोणाला प्रकाश आधी दिसला यावरून दिशा कळते. एवढ्याशा डबीत मापनशास्त्राचा हा लहानसा कारखाना अहोरात्र चाललेला असतो.

या कारखान्याचा वैरी म्हणजे धूळ. टेबलावरची धूळ आणि हाताचा घाम गोळीबरोबर आत जातो आणि रुळांवर त्याची काळी, चिवट कडी जमते. मग गोळी रुळांवरून नुसती घसरते, त्यांना फिरवीत नाही. कर्सर आडवा नीट जातो पण उभा अडखळतो, किंवा याच्या उलट होते, तेव्हा दोन हिशेबांपैकी एकाचाच रूळ बरबटलेला आहे, हे न उघडताही सांगता येते. ही कडी दातकोरण्याने हलकेच खरवडून काढावी, पडलेला कचरा आत न राहील असा झटकावा, मग शुद्ध अल्कोहोलमध्ये बुडवून पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने रूळ पुसावेत. गोळी मात्र साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. चाकूचे पाते वापरू नये, कारण रुळावर ओरखडा पडला की धूळ तेथे अधिकच घट्ट बसते. रूळ स्वच्छ असूनही एका दिशेचा कर्सर मुळीच हलत नसेल, तर त्या बाजूचा दिवा वा संवेदक निकामी झाला असे समजावे आणि त्या माउसचा निरोप घ्यावा.

पुढे १९९९ नंतर गोळीची जागा प्रकाशाने घेतली. या नव्या माउसच्या पोटात लाल दिवा आणि एक इवलासा कॅमेरा असतो, जो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपून, एका चित्रातील बारकावे पुढच्या चित्रात किती सरकले, यावरून गती काढतो. त्याला रुळांचे दुखणे नाही; परंतु ज्या पृष्ठभागावर टिपण्याजोगे बारकावेच नाहीत, उदाहरणार्थ काच किंवा चकचकीत पॉलिश, तेथे तो आंधळा होतो. अशा वेळी एक कोरा कागद खाली सरकवून पाहावा. लाल दिवाच लागत नसेल, तर चौकशी पुन्हा वायर आणि पोर्ट यांच्याकडे वळवावी, कारण वीजच पोहोचत नाही असा त्याचा सरळ अर्थ आहे. राहता राहिली बटणे : एकदा दाबले असता दोनदा दाबल्यासारखे होऊ लागले, तर आतल्या चिमुकल्या स्विचची धातूची पट्टी थकलेली असते, आणि तो स्विच बदलण्यावाचून अन्य इलाज टिकत नाही.

यंत्र, वायर आणि पोर्ट निर्दोष ठरल्यावरच ड्रायव्हरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे. विंडोज ९८ सुरू होताना एफ-८ ही कळ दाबली असता जी यादी येते, तीतून सेफ मोड निवडला म्हणजे संगणक अत्यावश्यक तेवढीच मंडळी बरोबर घेऊन उठतो. तेथे माउस चालला आणि एरवी चालत नसेल, तर दोष लोखंडात नसून लेखनात आहे, हे सिद्ध झाले. जुन्या संगणकांत आणखी एक तंटा नेहमी आढळे. प्रत्येक उपकरणाला संगणकाचे लक्ष वेधण्यासाठी एक क्रमांकित घंटा दिलेली असते. पीएस-टू माउसची घंटा बारा क्रमांकाची, परंतु पहिल्या आणि तिसऱ्या सीरियल पोर्टाला मात्र चार क्रमांकाची एकच घंटा सामाईक. पहिल्या पोर्टावर माउस आणि तिसऱ्यावर मोडेम असला, म्हणजे मोडेमने नंबर फिरविताच माउस जागच्या जागी थिजे, आणि दोष मात्र टेलिफोनच्या लाइनीला दिला जाई. दोघांपैकी एकाला दुसऱ्या पोर्टावर हलविले की हा तंटा मिटत असे.

छापखान्यात आम्ही याच क्रमाने गेलो. नम लॉकचा दिवा ऐकत होता. कीबोर्डने काम जतन झाले. संगणक रीतसर बंद करून प्लग पाहिला, तर पिना सरळ होत्या. तो माउस हिशेबनिसांच्या संगणकाला लावला आणि निमूटपणे चालू लागला. त्यांचा माउस इकडे आणला, तो मात्र सेफ मोडमध्येही हलला नाही. अन्वय आणि व्यतिरेक या दोघांची साक्ष जुळली : माउस निर्दोष, ड्रायव्हर निर्दोष, दोष हिरव्या पोर्टात. कीबोर्डचे पोर्ट शाबूत असल्यामुळे सारा बोर्ड गेल्याचा निवाडाही टिकला नाही. मग एका खणाच्या तळातून नऊ पिनांचा, दोन बटणांचा, गोळीचा एक पुराणा माउस निघाला. त्याच्या रुळांवरची कडी दातकोरण्याने काढली, गोळी धुतली, सीरियल पोर्टाला तो जोडला आणि कीबोर्डच्याच साहाय्याने नवे उपकरण नोंदविण्याचा सोपस्कार पुरा केला. संध्याकाळी पहिला फर्मा पुढे सरकला. खर्च म्हणाल तर थोड्याशा अल्कोहोलचा आणि कापसाच्या एका बोळ्याचा.

जो प्रश्न मी सर्वांत आधी विचारावयास हवा होता, तो निघताना विचारला : माउस बंद पडण्याच्या लगेच आधी काय झाले होते? ऑपरेटर थोडे घुटमळले आणि म्हणाले, “वायर पायात येत होती साहेब, म्हणून काढून मागच्या बाजूने घेतली. संगणक चालूच होता.” कोणत्याही यंत्राच्या तपासात हा प्रश्न पहिला असावा, आणि तो दरडावून नव्हे, तर उत्तर देणाऱ्याला भीती वाटणार नाही अशा स्वरात विचारावा, कारण खरी हकिकत बहुधा यंत्राजवळ बसणाऱ्या माणसापाशीच असते आणि रागावलेल्या मनुष्यापुढे ती बाहेर पडत नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरांनी त्याच संगणकावर, त्याच जुन्या टाइपात, मोठ्या अक्षरांत एक पट्टी जुळवून पोर्टांच्या वर चिकटविली, ती अजून तेथे आहे : “संगणक बंद केल्यावाचून गोल प्लग काढू नये.”